पाकोळबेटावर कौल का लावत नाहीत

पाकोळबेटाच्या घळीत शिरताना डोकं वाकवावं लागतं. भक्ती असो वा नसो, दगड कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. आत गेलं की थोडा वेळ काही दिसत नाही. नुसती फडफड ऐकू येते, आणि कुणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तशी टिकटिक. त्या पाकोळ्या. हजारोंनी आहेत. छपराच्या कातळाला थुंकी लावून घरटी करतात, करवंटीच्या तुकड्याएवढी. मग डोळे सरावले की समोर बेटोबा दिसतो. कमरेएवढा काळा दगड. नाकडोळे ओबडधोबड, दोन खांदे तेवढे नीट कोरलेले.

साऱ्या किनाऱ्यावर देवाला कौल लावतात. उजव्या अंगाला एक ओली पाकळी, डाव्या अंगाला एक. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. इथे लावत नाहीत. लग्न जमेल का, पोर होईल का, दुखणं उतरेल का, ते घरी ठेवून यायचं. गाऱ्हाणंसुद्धा घालायचं नाही. हात जोडा, झरीचं पाणी प्या, सावलीत बसा, निघा. लांबून आलेली माणसं हिरमुसतात. एवढा समुद्र ओलांडून आलो आणि देव बोलत नाही म्हणजे काय, असं विचारतात. पूर्वी बोलायचा. म्हणजे तसं समजत असत. त्याची हकीकत अशी सांगतात.

खूप मागची गोष्ट. तेव्हा बेटावर गुरवाशिवाय कुणी राहत नसे. बेट पवित्र, म्हणून इथे जन्म नाही आणि मरण नाही, असा रिवाज होता. आठवा महिना लागलेल्या बाईने बेटाकडे फिरकायचं नाही. आजारी माणसाने कौलाशिवाय वाळूला पाय लावायचा नाही, न जाणो इथेच गेला तर देवाला विटाळ. जनावरांना मात्र सगळी मोकळीक. पाण्याकाठच्या खडपांवर ऊद, म्हणजे पाणमांजरं, आपली पिल्लं घेऊन लोळत. कासवं वाळूत अंडी घालून जात. पांढऱ्या पोटाचा गरुड सुरूच्या शेंड्यावर बसून मासा फाडी. त्यांच्यावर दगड उगारायचा नाही, पाकोळीच्या घरट्याला बोट लावायचं नाही. जन्मावं त्यांनी, मरावं त्यांनी, माणसाने तेवढं दुसरीकडे जाऊन मरावं.

तेव्हाचा गुरव होता धाकू. बायको लवकर गेली. एक मुलगी, आवडी, ती समोरच्या किनाऱ्यावर तारवाडी गावात दिलेली. धाकू माणूस कसा, तर सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही असा. खोटं बोलायचा नाही, लाच घ्यायचा नाही, हसायचाही नाही. कौल लावायची त्याच्या घराण्याची एक पद्धत होती. पाकळ्या लावल्या, प्रश्न विचारला, की गुरवाने देवाकडे पाठ करायची. देवाला विचार करायला एकांत हवा, माणसाने तोंडाकडे टक लावून बसू नये, असं त्याच्या बापाने शिकवलेलं. पाठ करून शंभर श्वास मोजायचे. मग वळून बघायचं, कुठली पाकळी खाली आहे. एकदा विचारलं ते विचारलं. पुन्हा विचारायचं नाही.

तारवाडीची माणसं चेष्टेखोर. त्यांनी एक ताडलं होतं, की पावसाळ्यात आणि थंडीत बेटोबा कधी होय म्हणतो, कधी नाही, पण उन्हाळ्यात बहुतेक नाहीच. शिमगा सरला की देवाचं डोकं तापतं, असं म्हणत. बायका म्हणत, उन्हाळ्यात बेटोबाला कौल लावणं म्हणजे उपाशी नवऱ्याकडे जेवणाआधी लुगडं मागणं. सगळे हसत. धाकूच्या कानावर हे जाई, पण तो म्हणे, देवाची मर्जी आहे, त्याला ऋतू असेल.

एका उन्हाळ्यात तारवाडीचा फटू तांडेल आपल्या धाकट्या भावाला घेऊन आला. भावाला ताप चढलेला, बरळत होता. कौल लावला, डावी पडली. फटूने तशीच होडी वळवली. भाऊ वाटेत गेला. फटू पुढे लोकांना सांगे, देवाने नाही म्हटलं, माझ्या हातात काय होतं. असं म्हटलं की त्याला भाकरी गिळता येई.

त्याच्या पुढच्या वैशाखात तारवाडीत वाखा आला. वाखा म्हणजे पटकी. जुलाब, उलट्या, हातापायांना गोळे, दोन दिवसांत माणूस वाळून कोळ. विहिरींचे तळ दिसू लागलेले, जे पाणी होतं तेच विष. गावात कुणीतरी म्हणालं, बेटाच्या झरीचं पाणी प्या, बेटावर सावलीत पडा, तर वाचाल. खरं होतं ते. आज शिकलेली माणसंही हेच सांगतात, की वाख्याच्या माणसाला पाणी पाजा, पाजत राहा. तेव्हा फटू तांडेलाने अकरा आजारी माणसं होडीत घातली आणि सकाळच्या भरतीवर बेट गाठलं.

धाकू घळीच्या तोंडाशी झाडत होता. त्याने होडी पाहिली आणि झाडू टाकून पाण्यात उतरला. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन आडवा उभा राहिला.

फटू ओरडला, "गुरवानू, अकरा माणसां आसत. सगळ्यांका वाखो लागलो हा. सावलेत उतराक दी."

"आधी कौल लावचो लागतलो."

"लाव. पण बेगीन लाव. तुझा चेडू आसा होडीत."

तेव्हा धाकूने पाहिलं. होडीच्या तळाशी, पुढच्या टोकाच्या नाळीला डोकं टेकून, आवडी पडली होती. डोळे आत गेलेले, ओठ पांढरे. बापाने ओळखायलाही क्षण घेतला, असं सांगतात.

तो धावत घळीत गेला. घाईत पाकळ्या लावताना उजवी दोनदा घसरली म्हणे, आणि दोनदा लावली. मग त्याने विचारलं, ह्या अकरा जणांना उतरू देऊ का. आणि पाठ केली. शंभर श्वास मोजायचे होते. त्या दिवशी श्वास भराभर येत होते, तेव्हा त्याने मुद्दाम सावकाश घेतले. देवाची फसवणूक नको म्हणून. बाहेर त्याची मुलगी उन्हात पडलेली, आणि हा आत श्वास ओढून धरतोय.

वळला. डावी पाकळी खाली होती.

तो परत पाण्यात आला. बोलावं लागलंच नाही, त्याच्या तोंडावरून होडीतल्यांना कळलं. कुणीतरी कण्हलं. एक म्हातारी उठून बसायला बघत होती, ती म्हणाली, "तुझो देव आणि तू, दोगय सावलेत बसान बरे आसास!"

फटूने वल्हं खाली ठेवलं. तो होडीतून उतरला, पाण्यातून धाकूच्या जवळ आला आणि हळू आवाजात बोलला. "गेल्या वर्साक माझ्या भावाक परत धाडलंस. तेवा मी तुका काय एक म्हणाक नाय. आज म्हणतंय. परत ईचार."

"परत ईचारूचो रिवाज नाय."

"मी कोणाक सांगूचंय नाय. देवाशपथ. परत ईचार."

धाकूच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल ते ज्याचं त्याने समजावं. तो म्हणाला ते मात्र लोकांनी जपून ठेवलंय. तो म्हणाला, "तुझ्या भावाक एकदा, आणि माझ्या चेडवाक दोनदा? ह्या माझ्यान जमूचा नाय."

आता कुणी म्हणेल, बाजूला ढकलून उतरले का नाहीत? अकरांतले दोघे-तिघे अजून धड होते, फटू तर रेड्यासारखा होता. पण देवाच्या शब्दाबाहेर जायचं नाही हे त्यांच्या हाडात होतं. आज आपण उतरलो तर उद्या सारं गाव बुडेल, अशी भीती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडी समोर होती आणि तिला हात लावायची चोरी होती.

मग धाकूने पाणी आणायला सुरुवात केली. पाणी द्यायला रिवाजाची आडकाठी नव्हती. एक तांब्या होता त्याच्याकडे, देवाच्या स्नानाचा. झरीवर जायचं, भरायचा, खडपांवरून उतरायचं, कमरेएवढ्या पाण्यातून होडीपर्यंत जायचं, ओंजळी भरायच्या, परत यायचं. निम्मा तांब्या लाटेत खारा होई. अकरा तोंडं. एकदा प्यालेलं उलटून पडे, की तेच तोंड पुन्हा उघडं. वैशाखाचं ऊन, डोक्यावर आच्छादन नाही. तापलेल्या लाकडाला पाठ चिकटलेली. आणि तिथून वीस पावलांवर घळीची गार सावली, रिकामी.

दुपारी आवडी शुद्धीवर आली. तांब्या तोंडाला लावताना तिने बापाचं मनगट धरलं. "बाबा," ती म्हणाली, "माका उतराक दी. मी हय मरूचंय नाय. नुसती सावलेत बसतंय. मराक होडीत जातलंय परत."

धाकूने तिचा हात सोडवला. सोडवावा लागला नाही असं काही जण सांगतात, तो आपोआप सुटला.

ओहोटी लागली. होडी खडपांवर बसायच्या आत निघायला हवं होतं. फटूने वल्हं उचललं, आणि जाताना धाकूकडे बघितलं नाही. धाकू पाण्यात उभाच राहिला. होडी तारवाडीच्या खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आधी त्याने पाहिलं, दोन माणसांनी वाकून कुणाच्या तरी तोंडावर पदर ओढला. कुणाच्या, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. संध्याकाळी तारवाडीच्या किनाऱ्यावर धूर उठला. एका जागी नाही, सात जागी. त्यातली एक आवडी.

दुसऱ्या सकाळी धाकू घळीत गेला. आंघोळ केलेली नव्हती. देवाला काही विचारायचंही नव्हतं. त्याने दोन पाकळ्या ओल्या केल्या, दोन्ही खांद्यांना लावल्या, आणि पाठ न करता देवासमोर मांडी घालून बसला. जन्मात पहिल्यांदा. बघू दे, नाही म्हणताना तुझं तोंड कसं होतं, असं तो मोठ्याने म्हणाला म्हणे.

देवाचं तोंड होतं तसंच राहिलं. वरून एक पाकोळी आली. देवाच्या मागच्या कातळात, डाव्या खांद्याच्या वर हातभर, तिचं घरटं होतं. त्यात पिल्लं. हजारो घरट्यांतलं एक, कोण बघतो? तिथे शिरायला वाट अशी अडचणीची, की पाकोळी देवाच्या डाव्या खांद्याला घासूनच वळे. तिचा पंख पाकळीला लागला. पाकळी पडली.

धाकूने ती उचलून पुन्हा लावली. थोड्या वेळाने पाकोळी चारा घेऊन आली. पाकळी पडली. त्याने पुन्हा लावली. काहीही न विचारता. सकाळभर तो हेच करत होता. प्रत्येक वेळी डावी पडली. उजवी वाळून गेली पण हलली नाही.

मग त्याला आठवलं. रोज सकाळी देव पुसताना डाव्या खांद्यावरची पाखराची विष्ठा तो पुसायचा. दर वर्षी फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत, रोज. उजवा खांदा कधी पुसावा लागला नव्हता. स्वतःच्या हाताने पुसलं होतं त्याने, इतकी वर्षं, आणि तोच हात धुऊन कौल लावला होता. उन्हाळ्यात देव कडक असतो म्हणे! आणि बाप? बापही डावाच खांदा पुसायचा का? त्याने खूप आठवून बघितलं. आठवेना.

काठी घेऊन तो घरट्यापाशी गेला. पिल्लांनी आई आली समजून चोची उघडल्या. त्याने काठी खाली ठेवली. पाखराला कौल कुठे ठाऊक होता?

ही गोष्ट तो लपवू शकला असता. बेटावर त्याच्याशिवाय होतंच कोण? पण खोटं न बोलण्याची खोड. वाखा ओसरल्यावर तो तारवाडीत गेला, चव्हाट्यावर सगळ्यांसमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. पाकोळी, घरटं, खांदा. लोक मारतील असं त्याला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हात उगारला नाही. एक मानकरी म्हणाला, "घरटां काढून टाक आणि परत लाव कौल. झाला ता झाला."

धाकू म्हणाला, "आणि मग पडली पाकळी, तर ती कोणी पाडली ता कसा कळतला?"

फटू तांडेल उठला. तो धाकूच्या अंगावर गेला नाही. तो रडवेला झाला होता. "ह्या माका कित्याक सांगलंस?" तो म्हणाला. "देव नाय म्हणालो, म्हणान भावाक सोडून दिलंय मी. आता कोणाक काय म्हणू?"

आणि खरंच, त्या दिवसापासून फटूला भाकरी गोड लागली नाही, असं सांगतात. तारवाडीत ज्याच्या ज्याच्या घरचं माणूस उन्हाळ्यात परत पाठवलं गेलं होतं, त्या प्रत्येक घरात जुनी सुतकं पुन्हा सुरू झाली. बायका दारात बसून आठ-आठ वर्षांपूर्वी गेलेल्यांना रडल्या. ज्यांना होय मिळालं होतं तेही हबकले. होय म्हणून केलेली लग्नं, होय म्हणून घातलेली घरं, तीही आता कुणाच्या शब्दावर उभी होती? धाकू आवडीच्या सासरी गेला तेव्हा व्याह्याने दार लावून घेतलं. आतून एवढंच म्हणाला, "थयच ऱ्हव. कौल लावतंय आणि सांगतंय."

धाकू बेटावर परत आला. त्याने देवाचे दोन्ही खांदे धुतले आणि बेटावर काही विचारणं बंद केलं. कुणी पाकळ्या घेऊन आला तर तो त्या त्याच्या हातातून घेऊन समुद्रात टाकी. कुणी आजारी आला तर पाण्यात जाऊन त्याला उचलून आणी, कोण, कुठला, काय झालंय, काही विचारत नसे. पण तसे थोडेच आले. ज्या देवाने बोलायचं सोडलं, त्याच्याकडे कोण येतो?

वीस-एक वर्षं तो तसा जगला. मग खाली पडला. पलीकडच्या एका गावचे मासेमारी करणारे पाणी भरायला उतरले होते, त्यांनी पाहिलं. रिवाज ठाऊक असल्याने ते त्याला उचलून होडीत घालायला लागले. "गुरवानू, बेटार मराचा नसता," ते म्हणाले.

धाकू म्हणाला, "कोणाक ईचारून नेतास?"

त्यांनी त्याला खाली ठेवलं. घळीच्या तोंडाशी, सावलीत. तिथेच तो गेला. बेटावरचं ते पहिलं मरण. मासेमार चार दिवस भीतीने थांबले, आता काय होतंय ते बघायला. झरी आटेल, समुद्र चढेल, पाखरं बेट सोडून जातील. झरी वाहत राहिली. ऊद खडपांवर खेळत होते. पाकोळ्या सकाळी गेल्या आणि संध्याकाळी आल्या. काहीही झालं नाही. म्हणजे त्या दिवशीही झालं नसतं.

तेव्हापासून बेट सगळ्यांना मोकळं आहे. आजही इथे कुणीही उतरतं. आजारी उतरतात, पोटुशा उतरतात, मरायला टेकलेले उतरतात, त्यांतले काही बरे होतात, पुष्कळ होत नाहीत. फक्त तारवाडीची माणसं उतरत नाहीत. त्यांच्या होड्या रोज ह्याच वाटेने मासेमारीला जातात. बेट समोर आलं की ती माणसं बोलायची थांबतात, तोंड दुसरीकडे करतात आणि वल्ही जोरात मारतात. उन्हाळ्यात त्यांच्याकडचं पाणी संपतं, तरी पुढे जाऊन दुसरीकडे भरतात. त्यांना कुणी अडवत नाही.